चौथा सिलिंडर

चौकातला दिवा लाल झाला, त्याने गाडी न्यूट्रलमध्ये घेतली, आणि इंजिन एक ठोका चुकलं. एकच. पुढचे ठोके पुन्हा सरळ पडत राहिले, शेजारचा स्कूटरवाला एका कानात बोट घालून फोनवर ओरडत राहिला, रस्ता ओलांडणाऱ्या बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. कोणाला काही कळलं नव्हतं. त्याला मात्र ते आधी तळपायात कळलं, मग बुडाखालच्या सीटमध्ये, आणि कानांना सगळ्यात शेवटी. अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. दिवा हिरवा झाला तरी तो बसूनच राहिला. मागून हॉर्न वाजायला लागले आणि तेवढ्यात पुन्हा एकदा सायलेन्सरमधून आलं, फट्, कोणीतरी ओठ मिटून हसावं तसं. इंजिन बांधून जेमतेम आठवडा झाला होता. चार महिने परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गुडघे फोडून घेतले होते. एकेक रिंग, एकेक बेअरिंग, एकेक बोल्ट स्वतःच्या हाताने बसवला होता. स्वतःच्या आणि बायकोच्या. सोमवारी पहिली लांबची खेप होती, मालाने भरलेल्या गाडीने डोंगर चढून पलीकडे. आज शुक्रवार.

घरी येईपर्यंत त्याने अकरा ठोके मोजले. गाडी थंड असताना काही नाही, पाचसहा किलोमीटर झाले, इंजिन तापलं, की सुरू. डिझेलमध्ये पाणी असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पाइपात हवा असेल. फिल्टर नवा होता, पण नव्या मालावर आजकाल कोण विश्वास ठेवतो? विश्वास हा शब्दच त्याला हल्ली चावायचा. गॅरेजवाल्यांवर माझा विश्वास नाही, असं सगळ्यांना सांगून त्याने इंजिन घरी उतरवलं होतं, आणि लोकांनी ते मान्यही केलं होतं, कारण तीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, वेळेचा इतका पक्का की धंद्यातले लोक त्याला घड्याळ म्हणून हाक मारत. त्याला कोण शिकवणार? खरं कारण असं की गॅरेजवाला पाना हातात घ्यायच्या आधी विचारतो, झालं कसं? रेडिएटर फुटला कसा? फुटल्यावर गाडी बाजूला का नाही लावली, इंजिन तापून जाम होईपर्यंत का चालवली? त्याने एक उत्तर तयार ठेवलं होतं, कुत्रं आडवं आलं. ते वाचवायला गेलो आणि खडीच्या ढिगात शिरलो. बायकोने हे ऐकून घेतलं होतं, पाणी दिलं होतं, आणि थोड्या वेळाने विचारलं होतं, "कोणत्या रंगाचं होतं हो?" काळं, तो म्हणाला होता. त्यानंतर कितीदा तरी त्याला वाटलं, कुत्र्याचा रंग कोण विचारतं?

शेडचं फाटक उघडायला ती आली तेव्हा तिच्या हातात बारका स्क्रूड्रायव्हर होता आणि केसांत दोऱ्याचा तुकडा अडकला होता. घराच्या पुढच्या खोलीत ती शिवणयंत्रं दुरुस्त करायची. वडिलांकडून शिकलेली विद्या. आजूबाजूच्या शिंप्यांची, कपड्यांच्या कारखान्यांची यंत्रं तिच्याकडे यायची. इंजिन बांधायला तिला घेतलं ते नाइलाजाने, पण पहिल्या आठवड्यातच त्याला कळून चुकलं की या बाईच्या बोटांना केसाएवढा फरक समजतो. प्रत्येक सुट्या भागाला तिने चिठ्ठी बांधली होती. टॅपेट लावून झाले, म्हणजे प्रत्येक वॉल्व्हच्या डोक्यावर किती फट ठेवायची ते पट्टीने मोजून स्क्रू आवळून झाले, तेव्हा लेक सासरी जाताना विसरलेली नेलपॉलिशची बाटली तिने आणली आणि प्रत्येक स्क्रूवरून त्याच्या नटावर एकेक बारीक लाल रेघ ओढली. "हे काय नटवणं?" त्याने विचारलं होतं. "कोणी हलवलं तर रेघ मोडते," ती म्हणाली होती, "आमच्यात करतात." तेव्हा तो हसला होता. कोण हलवणार आहे इथे?

आता तिने विचारलं, "आज किती फिरवलीत?"

"का गं?"

"सहज."

"बावीस."

ती मान हलवून आत गेली. नवीन बांधलेलं इंजिन सुरुवातीला जपून चालवावं लागतं, तेव्हा विचारण्यात काही वावगं नव्हतं. पण आधीचा आठवडाभर तिने एकदाही विचारलं नव्हतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

शनिवारी त्याने फिल्टर बदलला, पाइपांतली हवा काढली, टाकीच्या तळातलं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरलं. पाण्याचा थेंब नाही. तिने मध्येच दारातून आठवण केली, डॉक्टरीणबाईंकडे आज साडेअकराला नाव लावलंय म्हणून. हे आणखी एक. पंधरा दिवसांपूर्वी तिने परस्पर नाव लावलं होतं, नुसतं तपासून घ्या, वय झालं म्हणत. "मला काय धाड भरलीय?" तो तेव्हासारखंच म्हणाला. "इकडे गाडीचा जीव जातोय." ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं त्याला अलीकडे फार ऐकू यायचं. दुपारी तो गाडी घेऊन निघाला आणि पाण्याच्या टाकीपाशी पोचेपर्यंत पुन्हा फट्, फट्, आता वारंवार. परत आल्यावर पहिलाच प्रश्न, किती फिरवलीत? तो म्हणाला, चाळीस. खरं तर चौदा. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याने नीट पाहिलं. ती घाबरली होती. "एवढी नका फिरवू," ती म्हणाली, "मिसिंग असताना एवढी फिरवू नये." मिसिंग आहे, ठोका चुकतोय, हे त्याने तिला सांगितलेलं नव्हतं. मग त्याने स्वतःची समजूत घातली की शेडमध्ये शिरतानाचा आवाज तिने ऐकला असेल, तिला कान आहेत. पण समजूत घातली की ती बसतेच असं नाही. जेवताना तो तिच्या हातांकडे बघत राहिला. नखांच्या कडेला काळं होतं. तिच्या यंत्रांचं तेल पाण्यासारखं पातळ आणि पांढरं असतं. काळं होतं ते इंजिनचं. पण चार महिने तिचे हात तसेच तर होते, घासून जात नाही ते, आपलेही गेलेले नाहीत. त्याने ताट सरकवलं. सोमवारच्या खेपेच्या माणसाला फोन करून सांगितलं, गाडी आठवडाभर येणार नाही. पलीकडचा म्हणाला, "घड्याळ बंद पडलं म्हणायचं!" आणि हसला. त्याला हसू आलं नाही. उलट हा हे का म्हणाला, याला कोणी काही सांगितलं की काय, असं मनात येऊन गेलं, आणि फोन ठेवल्यावरही त्याचा हात फोनवर तसाच राहिला.

रविवारी सकाळी इंजिन तापवून त्याने बॉनेटखाली डोकं घातलं. सहा सिलिंडर, त्यांत डिझेल फवारणारे सहा नोझल, पंपातून प्रत्येकाकडे गेलेला एकेक बारीक पोलादी पाइप. पाइपाचा नट एकेक करून सैल करायचा. सैल केला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं आणि इंजिन लंगडतं. लंगडलं म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. जो सैल केल्यावर इंजिनला काही फरकच पडत नाही, तो कामचुकार. एकत्र कुटुंबासारखंच, त्याला वाटलं, एकेकाला जेवायला वाढायचं थांबवून बघायचं, कोणाच्या वाटचं काम अडतं. पहिला सैल केला, इंजिन अडखळलं. पुन्हा आवळला. दुसरा, तसंच. तिसरा, तसंच. चौथा सैल केला आणि काही झालं नाही. इंजिन आपल्याच नादात तसंच लंगडत राहिलं. डिझेल बोटांवरून ओघळत होतं आणि तो ओणवा उभा होता, आणि त्याला वाटलं की आपण कोणालातरी खोटं बोलताना पकडलंय. चौथा. चौथ्याच्या वेळी काय झालं होतं? पिस्टन त्याने घातला होता, रिंगा तिने दाबून धरल्या होत्या. रिंगांची तोंडं एका रेषेत तर आली नसतील? नोझल तिने पुसून दिला होता. तिने खाली ठेवला होता का कुठे? त्याने आठवायचा प्रयत्न केला आणि आठवायला गेलं की तिथे तिचे हातच दिसायचे, बारीक, शांत हात, आणि हातांच्या मागे तिचा चेहरा दिसायचा नाही. चार महिन्यांत आपण एकदाही तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही की काय? तिने मात्र आपल्याकडे बघितलं होतं. क्रँकशाफ्ट उचलताना त्याने क्षणभर भिंतीला टेकून डोळे मिटले होते, उघडले तेव्हा ती दोन फुटांवर उभी होती, आणि तिच्या ओठांची हालचाल नुकती थांबली होती, जणू ती काहीतरी मोजत होती.

चौथ्याचा नोझल त्याने काढून दुसऱ्याला लावला, दुसऱ्याचा चौथ्याला. दोष नोझलचा असता तर दुसरा सिलिंडर मेला असता. तो जिवंत राहिला, मेलेला चौथाच. तरी सोमवारी सहाही नोझल फडक्यात गुंडाळून तो पंपवाल्याकडे गेला. पंपवाला म्हातारा, चाळीस वर्षं डिझेलचे पंप आणि नोझल हेच करत आलेला, बोलायला तिखट. त्याने एकेक नोझल यंत्रावर चढवून दांडा दाबला. धुक्यासारखा फवारा उडाला, सहाच्या सहा सारखे.

"नोझल झकास आहेत," पंपवाला म्हणाला. "थंड असताना ठीक ना? तापल्यावर चुकते?"

"हो."

"टॅपेट बघितलेस?"

"टॅपेट मी स्वतः लावलेत."

"म्हणून तर विचारतोय!" म्हातारा हसला. मग त्याने हात पुसले आणि समजावून सांगितलं, त्याला ठाऊक असलेलंच. "वॉल्व्ह तापला की लांब होतो. फट कमी ठेवली असलीस तर त्याला मिटायला जागा राहत नाही. अर्ध्या उघड्या दारासारखा राहतो. दाब निघून जातो, मिसिंग. तशीच चालवत राहिलास तर वॉल्व्ह जळणार. किती चालवलीस?"

"नाही फार," तो म्हणाला. किती चालवलीस. किती फिरवलीत. वॉल्व्ह जळेल म्हणून विचारणारा माणूस कोणत्या आवाजात विचारतो, ते त्याने आत्ता ऐकलं होतं, आणि तोच आवाज तो घरी तीन दिवस ऐकत होता.

परतताना रस्ताभर त्याने तिची बाजू मांडली आणि स्वतःच खोडली. टॅपेट लावताना आपण बारा वेळा पट्टी घातली, बारा वेळा तिने पुन्हा घालून पाहिली. तेव्हा चूक राहिली असती तर गाडी पहिल्या दिवशीच चुकली असती. शुक्रवारपर्यंत नीट चालली. म्हणजे गुरुवारी. गुरुवारी तो डिझेल आणायला कॅन घेऊन गेला होता आणि रांगेत अडकला होता. शेडच्या किल्ल्या दोन, एक त्याच्या कमरेला, एक तिच्या खोलीत खिळ्याला. बाहेरच्या माणसाने केलं असेल, धंद्यातल्या एखाद्याने, असं धरून चालायला त्याला आवडलं असतं; दोन चौक त्याने ते धरूनही पाहिलं. पण बाहेरचा माणूस तुला रोज किती फिरवलीस विचारत नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याशी भांडणं केली होती, अबोला धरला होता, एकदा माहेरी जाऊन महिनाभर राहिली होती. पण पाठीमागून कधी काही केलेलं त्याला आठवेना. आणि मग वाटलं, आठवणार कसं? पाठीमागून केलेलं आठवतं थोडंच.

ती पुढच्या खोलीत यंत्र उलटं करून बसली होती. तो तिच्याशी न बोलता शेडमध्ये गेला, चार बोल्ट सोडून टॅपेटचं झाकण उचललं. बारा लाल रेघा. अकरा सरळ. चौथ्याच्या धुराकडच्या वॉल्व्हवरची रेघ मधोमध मोडली होती, स्क्रूवरचा तुकडा एकीकडे, नटावरचा दुसरीकडे. इंजिन थंड होतं तरी मोजायची पट्टी त्या फटीत शिरेना. सगळ्यात पातळ पाती तेवढी कशीबशी गेली. त्याने पट्टी मिटली. राग येईल असं त्याला वाटलं होतं. आधी आलं ते आश्चर्य. नेलपॉलिशची बाटली तिथेच, हत्यारांच्या पेटीत होती. लपवायचं असतं तर नवी रेघ ओढायला कितीसा वेळ लागला असता?

तो पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिला. "गुरुवारी?"

तिने मान वर केली नाही. यंत्राच्या पोटातला एक स्क्रू काढून चुंबकाला चिकटवला, मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "गुरुवारी. तुम्ही डिझेलच्या रांगेत होता तेव्हा. पाव फेऱ्याहून जरा जास्त."

"माझ्या गाडीला हात लावलास."

"चार महिने लावत होते."

"तू माझी गाडी मोडलीस!"

"मोडायची असती तर मूठभर वाळू पुरली असती," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हात मांडीवर एकमेकांना घट्ट धरून होते. "सोमवारी तुम्ही डोंगरात जाणार होता. भरलेली गाडी घेऊन. दुसरं काय करायचं होतं मी? पाय धरायचे? डॉक्टरीणबाईंकडे चला म्हटलं, तर मला धाड भरलीय का म्हणालात. विचारलं, तर कुत्रं सांगितलंत."

"कुत्रं होतंच."

"मला काळं सांगितलंत. लेकीला फोनवर तपकिरी. पंधरा दिवसांनी शेजाऱ्यांना सांगताना पिल्लू झालं होतं ते." ती उठली. "क्रँक उचलताना तुम्ही भिंतीला टेकलात. डोळे उघडे होते तुमचे. मिटले असं वाटलं असेल तुम्हाला, उघडे होते. मी हाक मारली, दोनदा. सहापर्यंत मोजलं मी. मग तुम्ही म्हणालात, चल, उचल तिकडून."

त्याने दाराची चौकट धरली. खाई त्याला खवखवे, असं आई म्हणायची, आणि त्याला गेले तीन दिवस हिच्या हातांचा, नखांचा, न बोलण्याचा जो वास येत होता तो कुठून येत होता हे आता कळत होतं, आणि कळूनही तो तिच्यावरच रागावलेला होता, कारण तिच्यावर रागावणं सोपं होतं. "आणखी काय काय केलंयस?" त्याने विचारलं. "ते तरी सांग. का एकेक शोधत बसू?"

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग, त्याची अपेक्षा नसताना, तिला हसू फुटलं; हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं. "शोधा," ती म्हणाली. "शोधण्यात तुमचा हात कोण धरणार?"

टॅपेट दोघांनी मिळून लावला. तिने क्रँकवर पाना घालून इंजिन हळूहळू फिरवलं, तो थांब म्हणाला तेव्हा थांबली. त्याने पट्टी घातली, स्क्रू फिरवला, पट्टी ओढून पाहिली, नट आवळला. मग पट्टी तिच्याकडे दिली. तिनेही ओढून पाहिली. नोझल पुन्हा चढवून, झाकण बसवून गाडी सुरू केली आणि ती तापेपर्यंत दोघं शेडमध्ये दोन उलट्या बादल्यांवर बसून राहिले. अर्ध्या तासाने त्याने रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. सहाच्या सहा सिलिंडर एका सुरात बोलत होते. वॉल्व्ह जळला नव्हता. त्याने ठोके ऐकले, आणखी ऐकले, कुठेतरी काहीतरी चुकेल म्हणून वाट पाहत राहिला. काही चुकेना. इतके दिवस जिकडे तिकडे दोष दिसत होता. आता बोट दाखवायला समोर काही उरलं नव्हतं, आणि त्याला एकदम उघड्यावर बसल्यासारखं वाटलं.

"कुत्रं नव्हतं," तो म्हणाला. इंजिनच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही कळेना, म्हणून त्याने गाडी बंद केली आणि पुन्हा म्हणाला. "रस्ता दिसत होता. मग खडीचा ढीग दिसला. मधलं काही नाही."

तिने नुसती मान हलवली. "उद्या दहाला," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंची खोली लहान होती, एका खुर्चीत दोन माणसं बसल्यासारखी ती दोघं बसली. छातीला तारा लावून झालं, लांब कागदावर रेघा उमटून झाल्या. डॉक्टरीणबाई त्या रेघांवरून पेन्सिल फिरवत होत्या, आणि तो पेन्सिलीचं टोक कुठे थांबतंय ते डोळ्यांत तेल घालून बघत होता. आत्ता तरी नीट दिसतंय, त्या म्हणाल्या, पण एवढ्यावरून कळत नाही. यंत्र अंगाला लावून ठेवावं लागेल, काही दिवस गाडी चालवायची नाही. मग त्यांनी पेन उचललं. "असं किती वेळा झालं?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती सांगून टाकेल असं त्याला वाटलं होतं. दोन वेळा, एकदा खडीचा ढीग, एकदा भिंत. पण ती खिडकीच्या जाळीकडे बघत होती. तिने ठरवून तोंड बंद ठेवलेलं दिसत होतं.

"तीनदा," तो म्हणाला.

पेन कागदावर टेकलं. बायकोची मान वळली. ती मनातल्या मनात मागे जात होती, दिवस तपासत होती, आणि तिच्या कपाळावर जी आठी उमटली ती त्याच्या ओळखीची होती. गेले तीन दिवस ती त्याच्या स्वतःच्या कपाळावर होती.

"तिसरं कधी?" तिने विचारलं.

"इंजिन सुरू झालं, त्या रविवारी. बाहेरच्या मोठ्या रस्त्याने चक्कर मारली तेव्हा." त्याने छातीवर चिकटलेला ओला डिंक बोटाने खरवडला. "भानावर आलो तर गाडी पलीकडच्या बाजूला गेली होती. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून."

"त्या दिवशी मी होते की गाडीत."

"तुला डुलकी लागली होती," तो म्हणाला.